वहाळाकाठी रबर की काजू?

दोडामार्गात आतेभावाची उताराची जमीन वहाळाला, म्हणजे ओढ्याला, लागून आहे. रबर लावू की काजू, असं तो विचारतोय. उत्पन्नाचा हिशेब त्याचा त्याने करावा. मी फक्त वहाळाचं बघतो.

आधी माती. रबरासाठी बहुधा जेसीबीने टप्पे पाडतात आणि पहिल्याच मोठ्या पावसात तांबडा गाळ खाली येतो. दगडांमधल्या फटी बुजल्या की खेकडे, छोटे मासे, चतुरांची पिल्लं राहणार कुठे? काजू नुसते खड्डे मारून लागतो, मधलं गवत राखता येतं.

औषधांत मात्र काजू हरतो. ढेकण्या या किडीसाठी पालवी, मोहोर आणि फळधारणेला फवारणी, तीही नेमकी वहाळ बारीक झाल्यावर. रबराला फवारणी कमी, पण चीक गोठवून रबराचे शीट बनवताना वापरलेलं फॉर्मिक ॲसिडचं पाणी वहाळात सोडलं तर तेवढंच वाईट.

सावलीत काठच्या करंज-जांभळांची सर दोघांनाही नाही. तो पट्टा तोडायचाच नाही.

उतार तीव्र असेल तर काजू, काठाजवळच्या ओळी न फवारता. जमीन सपाट, आधीच मोकळी आणि चीक काढायला माणसं असतील तर रबर चालेल. हेवाळे-बांबर्ड्यासारखी रानजायफळाची पाणथळ राई असेल, तर तिथे दोन्ही नको.