कतार डिजिटल लायब्ररी: ब्रिटन-इटलीच्या अरबी चढाओढीची दप्तरे कशी वाचावीत

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात येमेन, त्याच्या उत्तरेचा असीर प्रांत आणि आखाताच्या किनाऱ्यावर ब्रिटन आणि इटली एकमेकांवर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवत होते. त्या पाळतीचे मूळ कागद घरबसल्या आणि फुकट वाचायचे असतील, तर आज कतार डिजिटल लायब्ररीला तोड नाही. कतार फाउंडेशन, कतार नॅशनल लायब्ररी आणि ब्रिटिश लायब्ररी यांनी मिळून 2014 साली ही सेवा सुरू केली. लंडनच्या इंडिया ऑफिसची, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याची, दप्तरे हा तिचा गाभा. वाचायला नोंदणी लागत नाही, फाइलींची वर्णने इंग्रजी आणि अरबी अशा दोन्ही भाषांत आहेत, आणि पाने इतकी स्पष्ट की समासातल्या पेन्सिलीच्या खुणाही वाचता येतात. पाचपैकी चार गुण. पाचवा का कापला, ते पुढे येईलच.

आधी जायचे कुठे ते ठरवा. सरसकट ‘इटली’ असा शोध घेतला तर निकालांच्या ढिगाखाली गाडले जाल. 1931 नंतरच्या घडामोडींसाठी एल/पीएस/12 ही मालिका धरा, त्यातले सहावे कलेक्शन अरबस्तानाचे. त्याआधीच्या वर्षांसाठी एल/पीएस/10. स्थानिक अधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार हवा असेल तर आर/15/1 म्हणजे इराणमधल्या बुशहरची रेसिडेन्सी आणि आर/15/2 म्हणजे बहरीनची एजन्सी, ही दोन्ही ब्रिटिशांची राजकीय कार्यालये.

मग तारखांची चाळणी लावा. चार टप्पे हमखास फळ देतात. 2 सप्टेंबर 1926 रोजी येमेनचा शासक इमाम याह्या याने इटलीशी करार केला. एरिट्रिया या इटलीच्या वसाहतीचे गव्हर्नर गास्परिनी यांनी तो जुळवून आणला, आणि लगेच 1927 च्या सुरुवातीला त्यांची रोममध्ये ब्रिटनचे दूत सर गिल्बर्ट क्लेटन यांच्याशी बोलणी झाली. दुसरा टप्पा 1934 चा: फेब्रुवारीत ब्रिटनचा येमेनशी करार, मग सौदी-येमेन युद्ध, आणि मे महिन्यात इटलीतल्या बारी शहराच्या रेडिओवरून इटलीचे अरबी प्रसारण. तिसरा 1937-38 चा. मुसोलिनीने त्रिपोलीत ‘इस्लामची तलवार’ स्वीकारली, 3 जानेवारी 1938 रोजी बीबीसीची अरबी सेवा सुरू झाली आणि 16 एप्रिलला दोन्ही देशांत समझोता झाला. चौथा टप्पा 19 ऑक्टोबर 1940 चा, बहरीनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यावरील इटालियन बॉम्बहल्ल्याचा. यासाठी थेट आर/15/2 उघडा.

आता सगळ्यात जास्त घोटाळा होतो ती गोष्ट. एल/पीएस/12 मधल्या बहुतेक फाइली शेवटून पुढे लावलेल्या आहेत. नवा कागद वर ठेवायचा ही कचेरीची रीत, त्यामुळे पहिल्या पानावर प्रकरणाचा निकाल असतो आणि तक्रार शेवटच्या पानावर. सरळ वाचत गेलात तर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर भेटतो. फाइलीच्या वर्णनात ‘मांडणी’ या सदरात क्रम कसा आहे ते लिहिलेले असते. ते वाचल्याशिवाय पहिले पान उघडू नका.

दुसरा घोटाळा क्रमांकांचा. पानाच्या शीर्षकात चौकटी कंसात 12आर आणि पुढे साध्या कंसात 23/450 असे काही दिसते. पहिला आकडा फोलिओचा, म्हणजे दप्तरातल्या कागदाचा; आर म्हणजे त्याची दर्शनी बाजू आणि व्ही म्हणजे मागची. दुसरी जोडी नुसती प्रतिमांची मोजणी. संदर्भ द्यायचा तो फोलिओचा. त्यातही एकाच कागदावर जुने-नवे दोन-तीन क्रमांक सापडतात. खरा क्रमांक बहुधा दर्शनी बाजूच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने लिहून भोवती वर्तुळ केलेला असतो. पान संगणकावर उतरवून घेताना हा क्रमांक फाइलीच्या नावातच घाला. शंभर पाने जमल्यावर कुठले कुठून आले, हे कळायला दुसरा मार्ग उरत नाही.

गुण कापला तो शोधयंत्रासाठी. पानांचा मजकूर यंत्राने वाचलेला आहे आणि त्यात चुका असू शकतात, अशी सूचना सेवा स्वतःच देते. छापील कागदांवर काम भागते. टाइपरायटरच्या कार्बन प्रतींवर अक्षरे फिसकटतात आणि हस्तलिखित शेऱ्यांवर तर भरवसाच नको. खरी मते मात्र त्या शेऱ्यांतच असतात. म्हणून शोधाने फाइल गाठावी आणि नंतर पानन् पान डोळ्यांनी चाळावे. स्पेलिंगही त्या काळचे लागते: होडेडा शेवटी एच लावून आणि न लावून, साना मध्ये अपॉस्ट्रॉफी घालून आणि न घालून, मसावाचे जुने रूप मासोवा. प्रत्येक रूप वेगळे शोधा.

परराष्ट्र खात्याच्या कागदांवर माथ्याशी असलेला क्रमांक लिहून ठेवा. ‘ई’ (E) हे अक्षर पूर्व विभागाचे. पुढचा पहिला आकडा कागदाचा, दुसरा फाइलीचा, तिसरा देशाचा. या क्रमांकावरून लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात एफओ 371 या परराष्ट्र खात्याच्या मालिकेतली मूळ फाइल शोधता येते. ॲबिसिनियाचे, म्हणजे आजच्या इथिओपियाचे, कागद ‘जे’ (J) या अक्षराखाली जातात, त्यामुळे इटलीचा धागा अधूनमधून तिकडे वळतो.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. हे सारे एका पक्षाचे दप्तर आहे. ‘इटालियन कारस्थान’ असे लिहिलेले दिसले की खबर कोणी दिली, तारीख कोणती आणि तिला पुढे दुजोरा मिळाला का, हे तपासा. कित्येकदा ती एडनच्या बाजारातली ऐकीव बातमी असते आणि तीन टेबले ओलांडली की वस्तुस्थिती म्हणून वावरू लागते. इमामाचा आवाज इथे बहुतांशी अनुवादातूनच ऐकू येतो. त्याने 1926 साली रोमशी आणि 1934 साली लंडनशी करार केला तो स्वतःच्या हिशेबाने. त्याला कोणाच्या हातचे बाहुले समजून वाचले तर सगळी फाइल चुकीची कळते.

एडनसाठी मात्र एवढ्यावर थांबू नका. 1932 पर्यंत एडनचा कारभार मुंबई सरकारकडे होता, मग दिल्लीकडे, आणि 1 एप्रिल 1937 पासून ती वेगळी वसाहत झाली. म्हणून आधीच्या काळासाठी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र राज्य अभिलेखागारात राजकीय विभागाचे एडनविषयक खंड मागवा. दिल्लीचे कागद ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शोधता येतात. तिथे आधी खाते उघडावे लागते. फॉरिन अँड पॉलिटिकल डिपार्टमेंट निवडून निअर ईस्ट शाखेपासून सुरुवात करा.