‘सगळं बसवलंय, फक्त पाण्यात सोडा’

हे वाक्य विकणाऱ्याने मला तीनदा ऐकवलं आणि तिन्ही वेळा ते गोड वाटलं. 19 फुटी शिडाची बोट, कील (तळाखालचं जड पातं) वर ओढता येणारी, ट्रेलरवर नेण्याजोगी, आत दोघांपुरती झोपायची सोय. दोन-तीन रात्रींच्या सफरींसाठी मला हेच हवं होतं. शिवाय त्याने छपरावर सोलर पॅनेल, आत दिवे, कपाटं, डोलकाठी एकट्याने उभी करता यावी म्हणून टेकणीची चौकट, असं बरंच काही बसवलेलं. मी त्या वस्तू मोजत बसलो. बोट बघायची राहून गेली.

अशा बऱ्याच बोटींचा डेक भरीव नसतो. फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा लाकडाचे ठोकळे असतात, त्यामुळे डेक हलका तरी ताठ राहतो. पण वर बसवलेल्या प्रत्येक वस्तूसाठी त्यात भोक पाडावं लागतं. नीट करणारा माणूस भोक आधी मोठं करतो, कडेचा बाल्सा खरवडतो, ती जागा इपॉक्सीने भरतो आणि त्यातून पुन्हा लहान भोक पाडतो. म्हणजे स्क्रूच्या कडेने पाणी शिरलंच, तरी लाकडापर्यंत पोचत नाही. याने सरळ स्क्रू पिळले होते आणि वरून सिलिकॉन फासलं होतं.

पहिल्याच सफरीत, वारा जरा वाढल्यावर, डोलकाठीची तार ज्या पट्टीला बांधली होती तिच्याभोवतीचा डेक वर उचलला जाताना दिसला. बोटाच्या पेराएवढा. शिडं उतरवली आणि इंजिनवर परत आलो. घरी पॅनेलचा एक स्क्रू काढला, तर भोकातून काळपट पाणी आलं आणि त्यामागून ओला भुगा.

एवढं कळायला खरं तर स्क्रू काढायचीही गरज नव्हती. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने डेकवर टकटक करत जायचं. चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी ‘ठब्ब’. जेमतेम दहा मिनिटांचं काम, पण मालकासमोर त्याची बोट ठोकायला मला संकोच वाटला. या संकोचाची भरपाई मी अजून करतोय.

बाकीच्या खुणाही समोरच होत्या. मी पोचलो तेव्हा इंजिन हाताला गरम लागलं. मला वाटलं, माणूस किती काळजी घेतो! थंड इंजिन किती वेळा दोरी ओढल्यावर सुरू होतं, हे मला नंतर कळलं. टायर काळे कुळकुळीत, पण बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचले असते तर कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनले ते तिथेच समजलं असतं. कील दाखवा म्हटलं तर म्हणाला, ट्रेलरवर ती खाली सोडता येत नाही. खरंच येत नाही. म्हणून तर बोट पाण्यात उतरवून बघायची असते. त्याला मात्र घाई होती, दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. पाण्यात सोडल्यावर कील प्रत्येक लाटेबरोबर खटखटायला लागली, कारण ती ज्या पिनेवर फिरते ती झिजून बारीक झाली होती.

फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “पावतीवर ‘आहे त्या स्थितीत’ लिहिलंय ना? आणि मला तरी कुठे माहीत होतं?” मी फोन ठेवला. माहीत नसेलही बिचाऱ्याला, असं मला काही दिवस खरंच वाटत होतं.

मग डेक आतून उघडायला घेतला. केबिनच्या छताला त्याने नवाकोरा, मऊ, राखाडी गालिचा चिकटवला होता. ‘आत उबदार वाटावं म्हणून’. तो कोपऱ्यातून सोलत निघालो. खाली फायबरवर पेन्सिलीने वर्तुळं काढलेली होती, सात. मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने प्रत्येकावर ठोकून बघितलं. सातही ठिकाणी ‘ठब्ब’.