वारी, मिरवणूक, जत्रा: किट लेन्सनंतर ३५ एमएम घ्यावी की लांब झूम?

कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ एमएमची किट लेन्स हाताशी आहे, हौस वाढली आहे आणि आणखी एका लेन्सपुरते पैसे बाजूला काढता येतात. या टप्प्यावर दोनच गोष्टी डोक्यात घोळतात: छोटी ३५ एमएम एफ/१.८ घ्यावी, की ५५-२५० किंवा ७०-३०० सारखी लांब झूम? (एमएमचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ: तो जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं. एफचा आकडा जितका छोटा, तितकं उजेड आत घेणारं छिद्र मोठं.) ‘जास्त लांबचं दिसतं’ म्हणून बहुतेक जण झूम घेऊन मोकळे होतात. मी उघड्यावरचे कार्यक्रम आणि त्यांत रमलेली माणसं टिपतो, आणि त्या कामासाठी माझं मत ३५ च्या बाजूचं आहे. पण ते सगळ्यांना लागू नाही. बैलगाडा शर्यतींचं वेड असलेल्या माणसाला ३५ घ्यायला सांगणं म्हणजे त्याचे पैसे वाया घालवणं.

इथली सगळी आकडेमोड क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सर असलेल्या कॅमेऱ्याची आहे, कारण हौशी मंडळींकडे बहुधा तोच असतो.

आधी अंतराचं बोलू. ३५ एमएमने साडेसहा फुटांवरून फोटो काढला, तर आडव्या फ्रेममध्ये साधारण साडेचार फूट रुंदीचं दृश्य मावतं. एक माणूस, त्याच्या हातातले टाळ आणि शेजारच्याचा खांदा. तेवढंच दृश्य २०० एमएमवर हवं असेल, तर सुमारे सदतीस फूट मागे जावं लागतं. आता लक्ष्मी रस्त्यावरची विसर्जन मिरवणूक आठवा. तिथे आपण आणि समोरचा ढोलवादक यांच्यामध्ये सदतीस फूट मोकळी जागा मिळेल का? मधे डोकी येतात, वर केलेले मोबाइल येतात, कुणाच्या खांद्यावर बसलेलं पोर येतं. लांब लेन्स गर्दीत अडते ती पल्ला कमी पडतो म्हणून नाही, नजरेची वाट मोकळी नसते म्हणून. दुकानात लेन्स डोळ्याला लावून समोरच्या इमारतीची पाटी वाचताना हे लक्षात येत नाही.

दुसरा फरक चित्राच्या स्वभावाचा. लांबून काढलेल्या फोटोत मागची गर्दी पुढे सरकल्यासारखी, एकावर एक रचल्यासारखी दिसते. दिवे घाटात हे सोनं आहे. माउलींची पालखी पुण्याहून सासवडकडे निघते, त्या दिवशी समोरच्या उतारावर जागा धरून २०० एमएम लावली की घाटाची वळणं एकमेकांवर चढतात आणि पताकांची अख्खी रांग एका चौकटीत बसते. ३५ ने तिथे नुसती हिरवी टेकडी आणि तिच्यावर एक भगवी रेघ येते. मात्र घाटात पाऊस आणि धुकं असलं की लांब लेन्सचं चित्र फिकट पडतं, कारण मधली सगळी ओली हवा फोटोत उतरते.

तोच दिंडीचा रस्ता जवळून टिपायचा म्हटलं की सगळं उलटं होतं. डोक्यावर तुळस घेतलेली बाई, विणेकरी, विसाव्याला पाय चेपत बसलेले आजोबा, शेतात वाळत घातलेली लुगडी. इथे आपण चार-सहा फुटांवर असतो आणि असायलाच हवं. वारीत एक सोय आहे, जी दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमात मला दिसलेली नाही: अनोळखी माणसाशी बोलायला शब्द तयार असतो. ‘माउली, एक फोटो काढू का?’ एवढं विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात. मग ताठ बसतात, पदर सावरतात, कॅमेऱ्याकडे बघतात. तो फोटो काढावा, कारण तो त्यांना हवा असतो. आणि तिथेच थांबावं. अर्ध्या मिनिटात गप्पा पुन्हा सुरू होतात, तंबाखूची चंची निघते, कुणीतरी अभंगाची ओळ धरतं. आपल्याला हवा असलेला फोटो तेव्हा मिळतो. कँडिड म्हणजे चोरून काढलेला, अशी समजूत लांब लेन्समुळे पसरली आहे. माझ्या मते विचारून, मग विसरले जाऊन काढलेला फोटो त्याहून खरा असतो, आणि त्यासाठी छोटी लेन्सच लागते. निकॉनची क्रॉप सेन्सरसाठीची (डीएक्स) ३५ एमएम एफ/१.८ २०० ग्रॅमची आहे. ती लावलेल्या कॅमेऱ्याची लोकांना लवकर सवय होते. पांढरी जाडजूड लेन्स दिसली की ‘पेपरवाले आले’ म्हणून माणसं एक तर पाठ फिरवतात, नाही तर पुढे येऊन हात वर करतात.

पण वारीतलंच रिंगण घ्या. पुरंदवडे, खुडूस किंवा ठाकूरबुवाच्या गोल रिंगणात आपल्यासारख्या हौशी माणसाची जागा कडेला. आत आधी पताकावाले धावतात, मग तुळशीवाल्या, विणेकरी, आणि शेवटी अश्व. घोडा समोरून जातो ते काही क्षण, तेही मैदानाच्या पलीकडच्या अंगाला असेल तर ३५ मध्ये तो बोटाएवढा दिसतो. चांदोबाच्या लिंबाजवळचं उभं रिंगण तर लांब लेन्ससाठीच असल्यासारखं आहे: दोन्ही बाजूंना वारकऱ्यांच्या रांगा आणि मधल्या वाटेने आपल्या दिशेने येणारा अश्व. मात्र घोडे गेल्यावर लेन्स काढून ठेवू नका. टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं धावतात, फुगड्या सुरू होतात, आणि तेव्हा पुन्हा जवळची लेन्स हवी असते. म्हणजे एका दुपारीच दोन्हींची गरज पडते. एकच घ्यायची झाली, तर रिंगणासाठी झूम आणि उरलेल्या वाटेसाठी ३५ असा हिशोब आहे, आणि वारीत वाट फार मोठी असते.

आता उजेड. इथे आकडे बोलके आहेत. एफ/१.८ मधून एफ/५.६ पेक्षा जवळपास दहापट प्रकाश आत येतो. संध्याकाळी पालखी तळावर येते तेव्हा एफ/१.८ ला १६०० आयएसओवर (आयएसओ म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता; ती वाढली की फोटोत दाणे येतात) शटरचा वेग १/२५० सेकंद मिळत असेल, तर झूमच्या लांब टोकाला, जिथे छिद्र एफ/५.६ वर जाऊन अडतं, त्याच वेगासाठी आयएसओ १६००० च्या आसपास न्यावा लागेल. साध्या कॅमेऱ्यावर चेहऱ्याची कातडी तिथे वाळूसारखी दिसते. ‘पण झूममध्ये स्टॅबिलायझेशन आहे ना?’ असं हमखास विचारलं जातं. ते आपल्या हाताची थरथर सावरतं, नाचणाऱ्या माणसाची हालचाल नाही. ताशावर पडणारी काडी थांबवायला शटरचाच वेग हवा.

उन्हात मात्र हा सगळा मुद्दा गळून पडतो. लख्ख उन्हात ४०० आयएसओ आणि एफ/५.६ ला १/३२०० च्या आसपासचा वेग मिळतो. धावत्या बैलालाही तो पुरून उरतो. जुलैच्या ढगाळ दुपारीही आयएसओ ८०० पर्यंत नेला की काम भागतं. म्हणून लेन्स निवडताना आपले कार्यक्रम दिवसाचे असतात की रात्रीचे, हे बघणं गरजेचं आहे. पुण्यातली मिरवणूक सकाळी मानाच्या गणपतींपासून सुरू होऊन दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. तिचा बराच भाग अंधारात आणि दिव्यांच्या झगमगाटात असतो.

मिरवणुकीबद्दल आणखी थोडं, कारण कँडिड शिकायला याहून चांगली शाळा नाही. पथकाभोवती दोरी धरलेली असते. पथकाच्या ओळखीशिवाय दोरीच्या आत जायला मिळत नाही, आणि बाहेरून ३५ ने पुढच्या रांगेपलीकडे पोचता येत नाही. यावरचा माझा उपाय लेन्स बदलण्याचा नाही, वेळ बदलण्याचा आहे. गणपतीच्या कितीतरी आधीपासून नदीकाठी पथकांचे सराव चालतात. तिथे दोरी नसते, गर्दी नसते. पथकप्रमुखाला विचारून कडेला उभं राहता येतं. ढोल आवळणारी मुलं, हाताला पट्ट्या बांधणाऱ्या मुली, चुकलेल्या ठेक्यावर उडालेला हशा. हे सगळं संध्याकाळच्या अपुऱ्या उजेडात घडतं, म्हणून मोठ्या छिद्राची लेन्स लागते. काढलेले फोटो त्यांना पाठवत राहिलं, की विसर्जनाच्या दिवशी दोरीच्या आत घेण्याइतकी ओळख झालेली असते.

बैलगाडा शर्यतीचा निकाल सरळ आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यावर शर्यतीचे घाट, म्हणजे धावपट्ट्या, पुन्हा गजबजले आणि मे २०२३ च्या निकालाने ती परवानगी पक्की झाली. तेव्हापासून तिथे कॅमेरेही वाढले. तिथे जवळ जायचंच नाही. उधळलेली जोडी धावपट्टी सोडून कुठेही घुसू शकते आणि फोटोसाठी जीव धोक्यात घालू नये. कडेला उंच, सुरक्षित जागा शोधावी, लांब झूम लावावी, शटर १/१००० च्या वर ठेवावं. शर्यती दिवसा होत असल्याने एफ/५.६ चं छिद्र आड येत नाही. हे वेड असेल तर झूम घ्या, बाकीचा लेख वाचायचीही गरज नाही.

जेजुरीला सोमवतीला भंडारा उधळला जातो, जोतिबाला चैत्र यात्रेत गुलाल. दोन्ही पावडरी फार बारीक असतात. पुढे-मागे सरकणारी स्वस्त झूम प्रत्येक वेळी हवा आत ओढते आणि हवेबरोबर धूळही. ३५ सारख्या न सरकणाऱ्या लेन्सला हा धोका कमी. कुठलीही लेन्स असो, पुढे साधा यूव्ही फिल्टर लावावा आणि उधळण चालू असताना लेन्स बदलू नये.

फोकसच्या बाबतीत ३५ ला एक मोठा फायदा आहे, जो फारसा कुणी सांगत नाही. एफ/८ ठेवून फोकस तीन मीटरवर पक्का केला, तर साधारण सव्वादोन ते पावणेपाच मीटरमधलं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. मग फोकसची वाट न बघता नुसतं बटण दाबायचं. २०० एमएम एफ/५.६ ला आठ मीटरवरच्या माणसासाठी ही खोली जेमतेम सव्वा फूट असते. नाचणारा माणूस एक पाऊल पुढे आला की फोकसबाहेर गेला.

एक इशारा ५० एमएम एफ/१.८ बद्दल. स्वस्त म्हणून आणि ‘कार्तिए-ब्रेसाँ ५० वापरायचे’ म्हणून ती घेतली जाते. हे फ्रेंच छायाचित्रकार ५० एमएम वापरत हे खरं, पण ३५ मिमी रुंदीच्या फिल्मवर, जिची चौकट क्रॉप सेन्सरपेक्षा मोठी असते. क्रॉप सेन्सरवर तेवढं दृश्य ३३ एमएमच्या आसपास मिळतं. म्हणजे त्यांची नजर हवी असेल तर आपल्याला ३५ च घ्यावी लागते. क्रॉपवर ५० लावली की ती ७५-८० एमएमची होते: एकट्या चेहऱ्यासाठी सुरेख, पण दिंडीत हात-पाय कापणारी. कॅननच्या जुन्या डीएसएलआरवाल्यांनी २४ एमएम एफ/२.८ बघावी. जेमतेम सव्वाशे ग्रॅमची आहे आणि गर्दीत ५० पेक्षा उपयोगी पडते, जरी छिद्र १.८ चं नसलं तरी.

७०-२०० एफ/२.८ ला उजेडाचा प्रश्न बराच सुटतो हे मान्य. पण ती नवी घ्यायची तर बहुतेक लाखाच्या पुढे, आणि वजन कंपनीप्रमाणे एक ते दीड किलो. दिवसभर चालणाऱ्या माणसाने ती भाड्याने आणून एक दिवस गळ्यात अडकवावी, मग ठरवावं.

अजूनही ठरत नसेल तर एक खात्रीची चाचणी आहे. गेल्या वर्षभरात किट लेन्सने काढलेले कार्यक्रमांचे फोटो संगणकावर उघडा आणि आवडलेल्या प्रत्येक फोटोची माहिती बघा. तिथे फोकल लेंग्थ लिहिलेली असते. बहुतेक फोटो ५५ वर काढलेले असतील आणि वरून कापून मोठे केलेले असतील, तर तुम्हाला झूम हवी. १८ ते ३५ च्या मधले असतील आणि टाकून दिलेल्यांत संध्याकाळचे, हललेले फोटो जास्त असतील, तर ३५. दोन्ही सारखेच निघाले तर ३५ आधी घ्या, कारण ती हलकी आहे म्हणून रोज बॅगेत राहते, आणि झूम रिंगणाच्या दिवसापुरती भाड्याने आणा.