जोडप्यांसाठीचं समुपदेशन: 9 महिन्यांनंतरचा आमचा अनुभव

लग्नाला 16 वर्षं झाली, मुलगा 14 वर्षांचा. 9 महिन्यांत आमची 22 सेशन्स झाली, त्यातली 2 मुलाला बरोबर घेऊन. शेवटचं सेशन होऊन दीड महिना उलटलाय, म्हणून आत्ता लिहितेय. मध्येच लिहिलं असतं तर एका आठवड्यात नुसती स्तुती केली असती आणि पुढच्या आठवड्यात कुणी तिकडे फिरकू नका म्हणून सांगितलं असतं.

आम्ही गेलो ते केंद्र समुपदेशन करतं आणि नातेसंबंधांवर संशोधनही. त्यामुळे पहिल्या दिवशी दोन संमतिपत्रं समोर आली: एक समुपदेशनासाठी, दुसरं आमची माहिती नावं काढून अभ्यासात वापरण्यासाठी. दुसऱ्यावर सही केली नाही तरी सेवेत फरक पडणार नाही, हे कागदावरही होतं आणि तोंडीही सांगितलं. नवऱ्याने ते घरी आणून चार दिवस वाचलं, मग सही केली.

त्याच दिवशी आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं, तेव्हा मला राग आला होता. इतक्या मिनतवाऱ्या करून त्याला आणलं आणि इथेही आम्ही वेगळेच. पण आत विचारलेले प्रश्न असे होते: घरात तुम्हाला त्यांची भीती वाटते का, कधी हात उगारला आहे का, पैसा, फोन, बाहेर जाणं यांवर कुणाचा पहारा आहे का. जिथे एकाला दुसऱ्याची दहशत आहे तिथे दोघांना समोरासमोर बसवून खरं बोलायला लावणं घातक ठरू शकतं, कारण नंतर घरी एकत्रच जायचं असतं. अशा वेळी आधी सुरक्षिततेची सोय बघावी लागते. हे न विचारता थेट जोडीने बसवणाऱ्या ठिकाणी मी कुणालाही पाठवणार नाही. आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्या: एकाने एकट्याने सांगितलेली गोष्ट काउन्सेलर दुसऱ्यापासून लपवणार की नाही. आमच्याकडे नियम होता की नात्याशी संबंधित गुपित त्या ठेवणार नाहीत.

आता चौथ्या सेशनबद्दल. माझ्यासाठी 9 महिन्यांतलं सगळ्यात मोलाचं ते होतं. आमचा कायमचा विषय म्हणजे नवऱ्याने मला न विचारता त्याच्या भावाला पैसे देणं. यावर दहा मिनिटं बोला, म्हणाल्या. बोटांना नाडी मोजणारी छोटी यंत्रं लावली आणि समोर कॅमेरा. मी बोलत होते, तो नेहमीसारखा जमिनीकडे बघत बसला होता. 16 वर्षं मी ती मुद्रा बघत आलेय आणि तिचा एकच अर्थ लावत आलेय: याला काही फरकच पडत नाही. दहा मिनिटांनी आकडे दाखवले. माझी नाडी 94 पर्यंत गेली होती. त्याची 112. खुर्चीवर, हूं की चूं न करता बसलेल्या माणसाची.

मग व्हिडिओ लावला. त्यात मी त्याचं वाक्य अर्धवट तोडून, डोळे फिरवून, ओठ एका बाजूला नेऊन हसत होते. अगदी थोडा वेळ. असा चेहरा मी करते हे मला खरंच माहीत नव्हतं. काउन्सेलर एवढंच म्हणाल्या, "हे त्यांना किती वेळा दिसत असेल?"

नंतर कळलं की ही पद्धत जुनी आहे. रॉबर्ट लेव्हेन्सन आणि जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात जोडप्यांना मतभेदाच्या विषयावर बोलायला लावून, नाडी, घाम वगैरे मोजून आणि त्यांनाच त्यांचा व्हिडिओ दाखवून अभ्यास केले. सतत दोष काढणं, तुच्छ लेखणं, स्वतःचा बचाव करत राहणं आणि भिंतीसारखं गप्प होणं, या चार सवयी गॉटमन सगळ्यात घातक मानतात. पहिली आणि दुसरी माझी, चौथी त्याची, तिसरी दोघांचीही.

नाडी 100 च्या वर गेली की समोरच्याचं म्हणणं नीट ऐकू येणं कठीण होतं, म्हणून तिथे थांबायचं आणि निदान 20 मिनिटं वेगळं व्हायचं, असं शिकवलं. नियम दोन. उठून जाणाऱ्याने परत येण्याची वेळ सांगून जायचं. आणि त्या 20 मिनिटांत पुढच्या वादाची तयारी करायची नाही. दुसरा नियम पाळायला मला दोन महिने लागले. मी खिडकीशी उभी राहून मनातल्या मनात मुद्दे रचायचे आणि आधीपेक्षा जास्त तापून परत यायचे. पहिल्या नियमाने मात्र लगेच फरक पडला. पूर्वी तो उठून गेला की मी मागोमाग जायचे, दुसऱ्या खोलीच्या दारापर्यंत. "साडेनऊला येतो" एवढे शब्द ऐकल्यावर मागे जाण्याची गरजच वाटेना.

एकाने मागे लागायचं आणि दुसऱ्याने आत आत जायचं, या चक्रावर अँड्र्यू क्रिस्टेनसेन यांनी बरंच काम केलंय. ज्याला बदल हवा असतो तो बहुतेकदा मागे लागतो, हा त्यातला भाग मला पटला. कारण माझ्या नोकरीच्या वेळांचा विषय निघाला की आमच्या घरी बरोबर उलटं होतं: तो बोलतच राहतो आणि मी गप्प.

गृहपाठांपैकी एक सगळ्यांनी करून बघावा असा आहे. झालेलं भांडण 7 मिनिटांत लिहायचं, पण दोघांचंही भलं चिंतणाऱ्या तिसऱ्या माणसाच्या नजरेतून. एली फिंकेल यांच्या 2013 च्या अभ्यासात 120 जोडपी होती. वर्षातून 3 वेळा असं लिहिणाऱ्यांच्या नात्यातलं समाधान घसरायचं थांबलं, न लिहिणाऱ्यांचं घसरत राहिलं. नवऱ्याने लिहिलं होतं, "ती पैशांबद्दल बोलत नाहीये. तिला विचारलं नाही याबद्दल बोलतेय." हे मी त्याला तीन वर्षं सांगत होते. त्याच्या अक्षरात वाचल्यावर मला बोलवेना.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. केंद्राच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की कोणतं जोडपं टिकेल हे शास्त्राने 90 टक्क्यांहून अधिक अचूक सांगता येतं. हे वाचून मी पहिला महिनाभर धसका घेतला होता. असे आकडे आले ते निकाल आधीच माहीत असलेल्या जोडप्यांवर सूत्र बसवून. नव्या जोडप्यांवर तेच सूत्र लावलं की अचूकता बरीच खाली येते, हे रिचर्ड हेमन आणि एमी स्लेप यांनी 2001 मध्येच दाखवलंय. घाबरून आलेल्या माणसाच्या हातात तो आकडा देऊ नये.

पाचव्या महिन्यात आमच्या काउन्सेलर बदलल्या, आठवडाभर आधी सांगून. तीन सेशन्स पुन्हा पहिल्यापासून सांगण्यात गेली. ऑनलाइन सेशन एकदाच घेतलं. एका पडद्यासमोर दोघं दाटीवाटीने बसून एकमेकांचा चेहराच दिसत नव्हता. पुन्हा घेतलं नाही.

मुलाबरोबरचं पहिलं सेशन तर चुकलंच. त्याला आमच्यासमोर विचारलं, "तुला कोणाचं जास्त पटतं?" तो पुढची चाळीस मिनिटं बोलला नाही. दोघांच्या ताणात तिसऱ्याला ओढलं जातं, ही गोष्ट मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी काही दशकांपूर्वी मांडली आहे आणि कुटुंबांसोबत काम करणाऱ्याला ती माहीत असायलाच हवी. आम्ही तसं लेखी कळवलं. दुसऱ्या सेशनला वेगळ्या काउन्सेलर होत्या. त्यांनी फक्त विचारलं, घरात आवाज चढले की तू काय करतोस? तो म्हणाला, "बाथरूममध्ये जाऊन नळ सोडतो. मग ऐकू येत नाही." आम्हाला वाटायचं त्याला आंघोळीला फार वेळ लागतो.

दर चौथ्या सेशनला नातं कसं चाललंय हे मोजणारी 32 प्रश्नांची प्रश्नावली भरायची, ग्रॅहम स्पॅनियर यांनी 1976 मध्ये तयार केलेली. तिसऱ्या महिन्यात माझे गुण वाढले आणि त्याचे एकदम पडले. मी हादरले. त्याचं म्हणणं, आधीच्या वेळी खरं लिहिलंच नव्हतं. शेवटच्या वेळी दोघांचेही सुरुवातीपेक्षा वर होते, पण फार नाही.

भावाच्या पैशांवर आमचं एकमत झालेलं नाही. जोडप्यांचे सुमारे 69 टक्के वाद कायमचे असतात, हा गॉटमन यांचा आकडा मला आता खोटा वाटत नाही. गेल्या महिन्यात त्याने पैसे देण्याआधी विचारलं. मी नको म्हटलं. त्याने अर्धे दिले आणि मला सांगितलं. त्यावर भांडण झालं, तो वेळ सांगून उठला आणि दोन मिनिटं आधीच परत आला. मुलगा त्याच्या खोलीत होता. नळाचा आवाज येत नव्हता.