आमच्या बुगडीचा डोळा, तिची कातडी आणि परभणीचा हा दवाखाना

आम्ही सेलूचे. परभणीच्या या जनावरांच्या दवाखान्यात आमच्या मांजरीला घेऊन मागच्या जूनपासून येतोय, आठ-नऊ चकरा झाल्या असतील. एकदा सविस्तर लिहायचंच होतं, कारण मी शोधत होते तेव्हा मांजरीच्या डोळ्याबद्दल आणि कातडीबद्दल मराठीत धड काही सापडलं नव्हतं, जे सापडायचं ते कुत्र्याचं नाहीतर गाई-म्हशीचं.

बुगडी आमची मांजर, तीन वर्षांची, सगळी पांढरी आणि उजव्या कानाच्या टोकाला काळा ठिपका, म्हणून पोरीनं नाव ठेवलं बुगडी. मोंढ्यातून पिल्लू आणलं तेव्हाच तिचे डोळे चिकटलेले होते, कोमट पाण्यात कापूस बुडवून पुसून पुसून उघडले. तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी डावा डोळा यायचाच. आधी दोन दिवस शिंका, मग पाणी गळायचं, डोळा बारीक करून कोपऱ्यात बसायची आणि खाणं सोडायची. मागच्या उन्हाळ्यात त्यात कातडीची भर पडली. कानामागं आणि पुढच्या पायावर रुपयाएवढे गोल चट्टे, केस गेलेले, वर कोंडा. मान तर अशी खाजवायली की रक्त काढायची.

आता माझं घरात शिलाईचं काम आहे. ब्लाऊज, परकर, फॉल-पिको. बुगडी दिवसभर मशीनच्या बाजूला कापडाच्या गठ्ठ्यावर झोपते. हे मुद्दाम सांगतेय, पुढं कळेल कामून.

आधी आम्ही एका ठिकाणी दाखवायचो, नाव लिहीत नाही. तिथं दर वेळी एक इंजेक्शन, एक डोळ्याचा ड्रॉप, झालं. आणि खरं सांगायचं तर फरक पडायचा, दोन दिवसांत खाज बंद, डोळ्याची लाली गायब. वीस-पंचवीस दिवसांनी पुन्हा तेच, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त. वर्षभरात पाच वेळा गेलो असेल. मला वाटायचं औषध चांगलं आहे, आजारच चिवट आहे. शेवटी डोळ्यावर निळसर पडदा दिसायला लागला तेव्हा माझा धीर सुटला आणि भावाची गाडी मागून परभणी गाठली.

इथल्या मॅडम परभणीच्याच व्हेटर्नरी कॉलेजात शिकलेल्या आहेत (आपल्या मराठवाड्यात असं सरकारी कॉलेज परभणीला आहे, तसंच उदगीरलाही आहे). मी पिशवीतून जुने ड्रॉप काढून टेबलावर ठेवले तर त्यांनी मांजरीला हात लावायच्या आधी बाटली फिरवून बारीक अक्षर वाचलं आणि म्हणाल्या, "ताई, यात डेक्सामेथासोन आहे, स्टिरॉइड. हा आजपासून बंद. डोळ्याला जखम आहे का ते बघितल्याशिवाय हे घालायचंच नसतं."

मग त्यांनी जे केलं ते मी पहिल्यांदाच बघितलं. कागदाची एक छोटी पट्टी असते, टोकाला केशरी रंग. त्यावर सलाईनचा एक थेंब टाकून पट्टी बुगडीच्या पापणीच्या आत नुसती टेकवली, लगेच डोळाभर पिवळा-हिरवा रंग पसरला. तो धुऊन काढला, खोलीतली लाईट घालवली आणि निळ्या बॅटरीनं बघितलं. बुबुळावर हिरवीगार चमकणारी एक रेघ होती, तिला फाटे फुटलेले, अगदी वाळलेल्या बाभळीच्या काटकीसारखी. मॅडमनी मला जवळ बोलावून दाखवली. म्हणाल्या जिथं बुबुळावरचं वरचं कातडं गेलेलं असतं तिथंच हा रंग बसतो, आणि अशी फांद्याफांद्यांची जखम बहुतेक मांजरीच्या हर्पिस व्हायरसची असते. हा व्हायरस लहानपणी एकदा शिरला की नसांच्या गाठीत जन्मभर दबून राहतो आणि जीवाला ताण झाला की पुन्हा उठतो. स्टिरॉइडनंही उठतो. म्हणजे जे औषध मी डोळा बरा व्हावा म्हणून दिवसातून तीनदा न चुकता घालत होते त्यानंच जखम वाढत होती. मला तिथंच रडू आलं. मॅडम काही बोलल्या नाहीत, पाण्याची बाटली पुढं केली.

येताना गाडीत सासूबाई घाबरल्या, "अगं माय, हिच्या नाकातून हिरवं यायलंय बघ!" लगेच फोन लावला. तर ते चांगलंच असतं म्हणे, डोळ्यातून नाकात जाणारी बारीक नळी उघडी आहे म्हणून रंग तिकडून उतरतो. ज्यांची मांजर अशी तपासायची असेल त्यांनी घाबरू नका.

डोळ्यासाठी व्हायरसवरची गोळी दिली, फॅमसायक्लोव्हिर, ती माणसाच्याच मेडिकलात मिळते आणि महाग आहे, हे आधीच सांगून ठेवते. सोबत साधा अँटिबायोटिक ड्रॉप, त्या उघड्या जखमेत दुसरं काही शिरू नये म्हणून. आमच्या गल्लीतल्या एकानं सांगितलं होतं की नागिणीवर माणसाला अ‍ॅसायक्लोव्हिर देतात, स्वस्त आहे, तीच गोळी द्या. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या तोंडातून ती मांजरीला विषारी आहे, चुकूनही नको. या व्हायरसवर म्हणून विकतात ती लायसिनची पेस्ट विकत घ्यायला निघाले होते तर तीही घेऊ दिली नाही, त्याचा उपयोग होतो असं संशोधनात दिसलेलं नाही, ते पैसे गोळीला लावा म्हणाल्या. दवाखान्याच्या कपाटात विकायला असलेली वस्तू घेऊ नका असं सांगणारा डॉक्टर मला आजवर माणसांतही भेटला नाही.

आता कातडीचं. तिथंही आधी अंधार करून जांभळा दिवा लावला, तर चट्ट्याच्या कडेचे केस पोपटी चमकले. हा नायटा, मायक्रोस्पोरम कॅनिस नावाची बुरशी. पण नुसत्या दिव्यावर भागवलं नाही, कारण नायट्याच्या सगळ्या बुरशा चमकत नाहीत आणि कधी कधी धूळ-मलमसुद्धा चमकतं. म्हणून चार केस उपटून मायक्रोस्कोपखाली बघितले, आणि एक कोरा टूथब्रश पाकिटातून काढून तो बुगडीच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत फिरवला आणि ब्रशचे दात बुरशी उगवून बघायच्या एका प्लेटमध्ये टेकवले. त्या प्लेटमध्ये बुरशी उगवली की खालचा पिवळा थर लाल होतो. त्याला दोन-तीन आठवडे लागतात, पण उपचार त्या दिवशीच सुरू केले.

मॅडमचा पुढचा प्रश्न होता, "घरात कोणाला चट्टा आहे का?" मी पोरीची बाही वर केली. दंडावर गोल लाल कडं, महिन्याभरापासून होतं आणि मी मेडिकलवाल्याकडून आणलेली क्रीम लावत होते. तेच, तीन औषधं एकत्र असलेली, ज्यात पुन्हा स्टिरॉइड. खाज थांबते आणि आतून नायटा पसरत राहतो. त्यांनी स्वतः पोरीला औषध दिलं नाही, सरळ चामडीच्या डॉक्टरकडं पाठवलं. हेही मला पटलं.

उपचार मात्र सोपा नव्हता. पोटातून इट्राकोनाझोल, एक आठवडा द्यायचं, एक आठवडा बंद. आणि आठवड्यातून दोनदा चुना-गंधकाच्या पाण्यानं भिजवायचं, लाइम सल्फर म्हणतात, पाण्यात ठरल्या मापानं मिसळायचं, अंगावर चांगलं मुरवायचं आणि धुवायचं नाही, तसंच वाळू द्यायचं. वास सडक्या अंड्याचा, घरभर. मांजर पिवळी पडते. पहिल्या वेळी मी चांदीची अंगठी न काढता हात घातला तर चांदी काळीठिक्कर पडली, पुढच्या वेळेपासून हातमोजे. वाळेपर्यंत चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन, डोळ्यातही जाऊ द्यायचं नाही, तोंड ओल्या फडक्यानंच पुसायचं. पण एक सांगते, तिसऱ्या आंघोळीनंतर नवीन चट्टा उठला नाही.

खरा त्रास घराचा झाला. या बुरशीचे कण गळालेल्या केसांवर दीड वर्षापर्यंत जिवंत राहू शकतात असं कळल्यावर मी शिलाईच्या खोलीकडं बघत उभीच राहिले. गिऱ्हाइकांचे ब्लाऊज! लोकांच्या अंगाला लागणारं कापड! पंधरा दिवस काम बंद ठेवलं, ज्यांचे कपडे होते त्यांना खरं सांगितलं, दोघीजणींनी कापड परत नेलं, बाकीच्या थांबल्या. बुगडीला मागच्या खोलीत ठेवलं, तिथली गोधडी, पोतं सगळं काढून नुसती फरशी, जेणेकरून पुसता यावं. केस आधी झाडून-उचलून घ्यायचे, मग साबणानं धुवायचं, मग पातळ ब्लीचचं पाणी, आणि वाळल्यावरच मांजर आत सोडायची. आम्ही रोज फिनाईलनं फरशी पुसायचो, ते त्यांनी बंद करायला लावलं, मांजरीच्या लिव्हरला ते झेपत नाही, पाय चाटले की पोटात जातं. डेटॉलचंही तसंच. शेजारच्या काकांनी बैलाला लावतात ते गोचिडाचं औषध आणून दिलं होतं, खाज पिसवांची असेल म्हणून. ती बाटली मी सोबत नेली होती. मॅडमनी ती माझ्या हातातून काढूनच घेतली, अशा औषधानं मांजरीला झटके येऊन जीव जातो.

आता दवाखान्यात काय खटकतं तेही लिहिते. डॉक्टर एकट्या आहेत, नंबर लावला तरी दीड-दोन तास बसावं लागतं. कुत्री आणि मांजरी एकाच व्हरांड्यात. ज्या मांजरीचा आजारच ताणानं उठतो तिच्या तोंडासमोर लॅब्रॉडॉर भुंकत असेल तर काय उपयोग? मी आता परडीवर जाड चादर टाकून बाहेर लिंबाखाली बसते, नंबर आला की कंपाउंडर हाक मारतो. एक पडदा लावून कोपरा वेगळा केला तरी पुरे. दुसरं, बिलावर नुसता आकडा असतो, कशाचे किती ते लिहीत नाहीत, विचारलं की सांगतात पण लिहून दिलं पाहिजे. आणि संध्याकाळी फोन लागत नाही, रात्री काही झालं तर काय करायचं ते त्यांनी एका कागदावर तरी लिहून द्यावं.

डोळ्याची जखम अठराव्या दिवशी भरली, पुन्हा तीच पट्टी लावली आणि निळ्या उजेडात काहीच चमकलं नाही. कातडीला तीन महिने लागले. केस दीड महिन्यातच आले होते, मला वाटलं झालं, पण मॅडमनी थांबू दिलं नाही, टूथब्रशची प्लेट सलग दोनदा कोरी आल्यावरच औषध बंद. पोरीचं कडंही गेलं.

दिवाळीत फटाक्यांच्या तिसऱ्या रात्री बुगडी पुन्हा शिंकली, डोळ्यातून पाणी. या वेळी मी ड्रॉप शोधत बसले नाही, सकाळच्या गाडीनं परभणीला गेले, पट्टी लावली, जखम नव्हती, चार दिवसांत आपोआप ओसरलं. बुबुळाच्या कडेला पुसट ढगासारखा डाग राहिलाय, तो आता राहणार म्हणाल्या, दिसायला अडचण नाही. मशीनच्या बाजूला तिला आता कापडावर बसू देत नाही, एक पत्र्याचा डबा उलटा करून दिलाय, त्यावर तिची स्वतःची चादर, ती दर रविवारी उकळत्या पाण्यात टाकते. पुढच्या महिन्यात तिच्या लसीची तारीख आहे. लसीनं हा व्हायरस जात नाही पण उठला तर जोर कमी राहतो असं सांगितलंय, तेव्हा पुन्हा लिंबाखाली बसायला जायचंय.