सौर होडी: पंखा हवेत की पाण्यात?

विज्ञान प्रदर्शनासाठी सौर होडी करायची ठरली की पहिला वाद पंख्यावरून होतो. खरं तर त्याआधी बाईंना एक गोष्ट विचारून घ्यावी: होडी हॉलमध्ये दाखवायची की अंगणात? ट्यूबलाइटखाली छोट्या पॅनेलवर मोटर फिरत नाही. हॉलमधला उजेड उन्हाच्या शंभराव्या हिश्शाएवढाही नसतो.

आता पंखा. हवेतला पंखा सोपा. मोटर उभ्या पट्टीवर बसवायची, तळाला भोक नाही, म्हणजे गळतीही नाही. एका दुपारचं काम. पण वजन वर जातं, होडी डुलते आणि दुपारी खारे वारे सुटले की ती पंख्यापेक्षा वाऱ्याचंच जास्त ऐकते.

पाण्याखालच्या पंख्याला मेहनत आहे. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट, त्यामुळे तीन सेंटीमीटरचा पंखाही चांगला रेटा देतो. मात्र तोच भार मोटरवर येतो. मोठा पंखा लावला की मोटर जास्त करंट मागते, पॅनेलला तो झेपत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि मोटर नुसती गुरगुरत बसते. दांड्यासाठी सायकलचा स्पोक घ्यावा, दोन मिलिमीटर जाडीचा. खेळण्यातल्या मोटरचा दांडाही बहुधा तेवढाच असतो. दोन्ही जोडायला सायकलच्या दुकानातली व्हॉल्व्ह ट्यूब: टोकं रबरात घट्ट बसतात आणि थोडा बाक राहिला तरी रबर सांभाळून घेतं. स्पोक ज्या नळीतून जातो तिच्यात ग्रीस भरा आणि नळीचं आतलं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. एवढं जमलं की गळतीची निम्मी भीती जाते. माझं मत विचाराल तर सातवीपर्यंत हवेतला, नववी-दहावीला पाण्यातला. परीक्षक खोलात शिरले तर पाण्यातल्यावर बोलायला भरपूर मिळतं.

सांगाड्यावर फार डोकं खाऊ नये. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या निम्म्या बुडाल्या तरी अर्धा किलो उचलतात, आणि अख्खी होडी तेवढी भरतच नाही. मासळीच्या खोक्याचा थर्माकोल फुकट मिळतो, कापायलाही सोपा, पण वास जाता जात नाही. पांगाऱ्याचं लाकूड हलकं आणि देखणं. कोरायला घरात कुणी हौशी हवं. आपल्याकडच्या होड्यांसारखी एका बाजूला उलांडी, म्हणजे आडव्या दांड्यांनी जोडलेला तरंगता ओंडका, लावली तर एकाच अरुंद सांगाड्यावरही पॅनेल स्थिर राहतं. केरळात वैक्कमला २०१७ पासून चालणारी 'आदित्य' ही सौर फेरीबोट मात्र जुळ्या सांगाड्याची आहे. रुंद छप्पर मिळालं की पॅनेलं मावतात. म्हणून बाटल्यांच्या जोडीला माझा कौल.

पैसे खर्चायचे तर पॅनेलवर खर्चा. सहा व्होल्ट, एक वॉटचं पॅनेल भर उन्हात साधारण १६० मिलीअँपियर देतं. दुकानात मल्टीमीटर सहा व्होल्ट दाखवतो म्हणून भुलू नका. काही जोडलेलं नसताना पडवीतही तो जवळपास तेवढेच दाखवेल. व्होल्टेज टिकतं, करंट आटतो. म्हणून बाटलीला कात्री लावण्याआधी पॅनेल, मोटर आणि पंखा उन्हात जोडून बघा. माडाच्या झावळीची सावली एका सेलवर पडली तरी अख्ख्या पॅनेलचा करंट घसरतो, कारण सेल एकामागे एक जोडलेले असतात. पॅनेल तिरपं करावंसं वाटेल. डिसेंबरात रत्नागिरीला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवरच असतो, आडव्या पॅनेलला थेट उन्हाचा तीन चतुर्थांश भाग मिळतो. तरी आडवंच ठेवा. होडी वळली की तिरपेपणा उलटा पडतो, शिवाय वारा भरतो तो वेगळाच.

बॅटरी लावावी का? हॉलमध्येच दाखवायचं असेल तर लावा. १.२ व्होल्टचे दोन रिचार्जेबल सेल पुरेत. रात्री ते पॅनेलमध्ये उलटे रिकामे होऊ नयेत म्हणून मध्ये एक डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. लिथियमच्या वाटेला शाळेच्या कामात जाऊ नये. अंगणात दाखवायचं असेल तर थेट पॅनेलच बरं: हाताची सावली धरली की होडी थांबते, काढली की चालते, आणि बघणाऱ्याला वेगळं काही समजवावं लागत नाही.

चाचणी तळीत घ्या, खाडीत नको. खारं पाणी उघड्या जोडांवर हिरवा गंज चढवतं.