जेजुरीचा पिवळा आणि रिको जीआर थ्री

रिको जीआर थ्री हा छोटा कॅमेरा २०१९ साली आला, तरी सोमवतीला जेजुरी गडावर न्यायला मी आजही हाच निवडेन. बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅम, कुर्त्याच्या खिशात मावतो. मोठी लेन्स दिसली की माणसं सावरून उभी राहतात. याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. स्नॅप फोकस, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेल्या अंतरावरचा फोकस, २ मीटरवर ठेवा, लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) एफ ८, बटण एका दमात पूर्ण दाबा. झालं. पायऱ्यांवरच्या रेट्यात फोकस शोधत बसायला वेळ कुणाला असतो?

खरी गंमत रंगाची. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशानुसार रंग आपोआप जुळवणारी सेटिंग, भंडाऱ्याचा पिवळा निववायला बघतो आणि उधळण बेसनासारखी फिकी दिसते. ‘डेलाइट’वर टाकला की पिवळा खणखणीत! पॉझिटिव्ह फिल्म या गडद रंगांच्या मोडमध्ये लाल नऊवारी झकास येते, पण सावल्या फार काळवंडतात, म्हणून मी कॉन्ट्रास्ट थोडा उतरवते.

बॅटरी कंपनीच्याच आकड्यानुसार सुमारे २०० फोटोंची, त्यामुळे जादाच्या दोन हव्यातच. धुळीपासून संरक्षण नाही. भंडारा अगदी डोक्यावर उधळला जात असेल तर कॅमेरा आत. आणि झूम लागत असेल तर या वाटेला जाऊच नका.